रुजवात घेतल्याशिवाय नक्कल नव्हे



आपल्या वाशीम जिल्ह्यातील एका बुद्धविहाराच्या अभ्यासिकेकडून या सदरासाठी एक प्रश्न आला आहे. तो थोडक्यात असा.

विहारात संगणकाला जोडलेली हार्डडिस्कची एक पेटी आहे. तिच्यात चार-चार टेराबाइटच्या दोन डिस्क आहेत. एका डिस्कवर जे लिहिले जाते तेच दुसरीवरही लिहिले जाते. पेटी भरत आली आहे, आत तीन टेराबाइट माल आहे. मुंबईला नोकरीस असलेल्या एका समाजबांधवाने तशाच आणखी दोन डिस्क आणि चार खणांची नवी पेटी दान दिली. दुकानदार म्हणतो, "काई टेन्शन नोका घेऊ भाऊ. चारही डिस्का एकत्र करून देतो. जागा तिप्पट होते, आतलं काईच जात नाही." तर पेटी त्याच्या हाती द्यावी काय?

माझे उत्तर असे : द्या, पण आज नको. आधी पेटीबाहेर दोन नकला काढा. त्या नकलांची रुजवात घ्या. रुजवात झाल्याची सही वहीत पडेपर्यंत एकाही डिस्कला हात लावू देऊ नका.

तहसील कचेरीतून कधी काळी नक्कल काढली असेल तर तिच्या खालचा भाग आठवा. तिथे नक्कल करणाराची सही असते आणि मूळ कागदाशी ताडून पाहणाराची, म्हणजे रुजवात घेणाराची, सही वेगळी असते. ज्याने लिहिले त्यानेच तपासले तर चूक दिसत नाही, हे जुन्या कारकुनांना पक्के ठाऊक होते. संगणक आला म्हणून हा नियम जुना झाला नाही.

पेटीत आहे तरी काय?

डिस्क बाजारात मिळते, आतला माल मिळत नाही. म्हणून कोणतेही काम सुरू करण्याआधी आत काय आहे याची यादी करावी. या अभ्यासिकेने ती पाठवली आहे. गावातील कुटुंबांचे शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचे उतारे आणि कोतवाल बुकाच्या नकला स्कॅन करून ठेवल्या आहेत. भीमजयंतीचे जुने फोटो आहेत. घरोघरच्या कॅसेटवरून उतरवून घेतलेली भीमगीते आहेत. विहाराची हिशेबाची वह्या-रजिस्टरे आहेत. स्पर्धा परीक्षांची पुस्तके आणि व्हिडिओ आहेत. आणि सगळ्यात मोलाचे म्हणजे, १४ ऑक्टोबर १९५६ ला आईवडिलांचे बोट धरून नागपूरच्या दीक्षाभूमीवर गेलेल्या आजी-आजोबांच्या तोंडच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवल्या आहेत.

आता एकेकाची किंमत बघा. स्पर्धा परीक्षेचे व्हिडिओ गेले तर पुन्हा मिळतील. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी आणि वैधतेसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. कोतवाल बुकाचा स्कॅन हा काही साक्षांकित पुरावा नव्हे, पण कोणत्या गावाच्या, कोणत्या सालाच्या, कोणत्या पानावर आपल्या पणजोबाची नोंद आहे ते त्यावरून कळते आणि नवी नक्कल मागता येते. तो स्कॅन गेला तर शोध पहिल्यापासून सुरू. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला, त्यामुळे जुन्या कागदासाठी कित्येकांना आधी वाशीम आणि मग अकोला अशा चकरा घडल्या आहेत. प्रवेशाची मुदत आठ दिवसांवर आली असताना त्या चकरा मारण्याची वेळ कोणत्याही पोरीवर येऊ नये.

आणि १९५६ साली दहा वर्षांची असलेली आजी आज ऐंशीच्या घरात आहे. तिचा आवाज गेला तर कोणत्या कचेरीत अर्ज करणार?

सरकारी अभिलेख कक्षात कागदांचे अ, ब, क, ड असे वर्गीकरण असते. अ म्हणजे कायम जपायचे, ड म्हणजे लवकर नष्ट करायचे. तसेच या पेटीचे करा. आजी-आजोबांच्या आठवणी, फोटो, कॅसेटची गाणी हा अ वर्ग. जातीच्या पुराव्याचे कागद ब वर्ग. हिशेब क. बाजारात पुन्हा मिळणारे ते ड. नकला सगळ्यांच्याच काढायच्या, पण पैसा किंवा वेळ कमी पडला तर अ वर्गापासून सुरुवात करायची.

ही 'रेड' म्हणजे इन्कम टॅक्सची धाड नव्हे

अनेक डिस्क मिळून एकच मोठी डिस्क असल्यासारखे काम करून घेण्याच्या पद्धतीला 'रेड' म्हणतात. तिचे प्रकार आहेत आणि त्यांना आकडे आहेत.

रेड एक म्हणजे आरसा. दोन डिस्क, दोन्हींवर तेच. एक बिघडली तरी दुसरी चालते. अभ्यासिकेची सध्याची पेटी या प्रकारची. चार-चारच्या दोन डिस्क असूनही जागा मिळते चारच टेराबाइट.

रेड शून्य म्हणजे माल दोन्हीकडे वाटून टाकणे. जागा पूर्ण मिळते, वेगही मिळतो, पण एक डिस्क गेली की सगळे गेले. हा शून्य नावाप्रमाणेच शून्यावर आणणारा आहे. त्याच्या वाटेला जाऊ नये.

रेड पाच समजण्यासाठी जमाखर्चाची वही घ्या. तीन रकान्यांत ४५, ३० आणि २० असे आकडे आहेत आणि चौथ्या रकान्यात त्यांची बेरीज ९५. मधला ३० कोणी पुसून टाकला तरी ९५ मधून ४५ आणि २० वजा केले की ३० परत मिळतात. पण दोन रकाने पुसले गेले तर नुसत्या बेरजेवरून काहीच काढता येत नाही. संगणक करतो ती बेरीज वेगळ्या जातीची असते आणि तो ती चारही डिस्कवर पाळीपाळीने ठेवतो, पण तत्त्व हेच. चार-चारच्या चार डिस्कची रेड पाच केली की बारा टेराबाइट जागा मिळते आणि एक डिस्क गेलेली चालते. दुकानदार 'तिप्पट' म्हणतो तो हिशेब हाच आहे.

रेड सहामध्ये बेरजा दोन प्रकारच्या असतात. जागा मिळते आठ टेराबाइट, पण कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी माल वाचतो. माझे मत रेड सहाच्या बाजूने आहे. कारण असे की, एक डिस्क गेली की नवी बसवून तिच्यावर हिशेब पुन्हा मांडावा लागतो. सेकंदाला १०० मेगाबाइटचा वेग धरला तरी चार टेराबाइट भरायला अकरा तास लागतात, प्रत्यक्षात पुष्कळदा त्याहून जास्त. तेवढा वेळ उरलेल्या डिस्क सतत पळत असतात. त्या एकाच वेळी घेतलेल्या आणि एकाच वयाच्या असतील तर दुसरीही त्याच वेळी मान टाकू शकते. जागा चारची आठ झाली तरी गावाला पुष्कळ वर्षे पुरेल.

दुकानदाराला आणखी एक विचारा : डिस्क सी.एम.आर. आहे की एस.एम.आर.? एस.एम.आर. डिस्कमध्ये माहितीच्या ओळी कवेलूसारख्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. एक कवेलू बदलायला शेजारची उचलावी लागतात, तसे तिचे होते. नुसते साठवायला ती ठीक, पण रेडच्या पेटीत तिचे काम फार रेंगाळते. पेटीसाठी सी.एम.आर. घ्यावी.

आरसा म्हणजे नक्कल नव्हे

आता मुख्य गैरसमज. "आमच्याकडे दोन डिस्कवर आहे, म्हणजे नक्कल आहेच," असे पुष्कळ जण समजतात. आरशासमोर उभे राहून टोपी काढली तर आरशातल्या माणसाचीही टोपी निघते. चुकून एक फोल्डर पुसले तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसले जाते. व्हायरसने फायलींना कुलूप घातले तर दोन्हीकडे घातले जाते. मृगाची वीज पेटीवर उतरली, चोराने पेटी उचलली, पत्र्यातून पाणी गळले, तर दोन काय आणि चार काय, सगळ्या डिस्क एकाच पेटीत आहेत. रेड ही डिस्क बिघडण्यापासूनची सोय आहे. नक्कल ती, जी वेगळ्या वस्तूवर, वेगळ्या जागी आणि वेगळ्या हातात असते.

मोठमोठी सरकारेही इथे फसतात. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियातील देजॉन शहरात तेथील सरकारच्या माहिती केंद्राला आग लागली. सरकारी नोकर आपल्या कामाच्या फायली ज्या सामाईक साठ्यात ठेवत, तो ८५८ टेराबाइटचा साठा जळून गेला. चार टेराबाइटच्या डिस्कने मोजले तर २१५ डिस्क भरतील इतका. साठा फार मोठा म्हणून त्याची नक्कल बाहेर ठेवलेली नव्हती. आणि आग लागली केव्हा? तिथल्या बॅटऱ्या दुसरीकडे हलवण्याचे काम चालू असताना.

त्याच कोरियात हेइन्सा नावाचा बौद्ध विहार आहे. त्रिपिटक छापण्यासाठी कोरलेल्या ऐंशी हजारांहून अधिक लाकडी पाट्या तिथे आजही जपलेल्या आहेत. पहिला संच अकराव्या शतकात कोरायला घेतला होता, तो १२३२ साली मंगोल स्वारीत जळाला. तरी १२३७ ते १२४८ या काळात सगळे त्रिपिटक पुन्हा कोरता आले, कारण ग्रंथाच्या प्रती इतरत्र होत्या. सुगी नावाच्या भिक्षूंनी निरनिराळ्या देशांच्या प्रती एकमेकींशी ताडून पाठ शुद्ध केला. सातशे-आठशे वर्षांपूर्वी लाकडावर जे साधले ते २०२५ साली यंत्रावर साधले नाही. फरक यंत्राचा नव्हता. बाहेर प्रत होती की नव्हती, एवढाच होता.

हलवाहलवीची वेळ वाईट

कागद कपाटात शांत पडलेला असतो तेव्हा त्याला धोका कमी. घर बदलताना, कचेरी हलवताना, कपाट बदलताना तो हरवतो. आपल्या समाजाला हे शिकवण्याची गरज नाही, कारण यातला सगळ्यात मोठा घाव आपल्यालाच बसला आहे.

६ डिसेंबर १९५६ ला परमपूज्य बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. दिल्लीच्या २६, अलीपूर रोडवरील निवासस्थानी त्यांच्या हस्तलिखितांचा मोठा साठा होता. पुढे ते घर दुसऱ्याच्या मालकीचे झाले आणि जानेवारी १९६७ मध्ये जागा रिकामी करताना कागद उघड्यावर टाकले गेले, ते पावसात भिजले. कागद एका जागेवरून दुसऱ्या जागी जाण्याची ती घटका होती आणि त्यांची दुसरी प्रत कुठे नव्हती. जे वाचले ते पेट्यांमध्ये वर्षानुवर्षे पडून राहिले. महाराष्ट्र शासनाने प्रकाशन समिती नेमल्यावर वसंत मून यांच्या संपादनाखाली पहिला खंड १४ एप्रिल १९७९ ला प्रसिद्ध झाला. तिसऱ्या-चौथ्या खंडातील संपादकीय टिपा पाहा. हे प्रकरण अपूर्ण, ही पाने सापडली नाहीत, अशा नोंदी वाचताना छातीत कळ येते. त्या पानांवर काय होते हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

त्या काळी झेरॉक्स यंत्र सहज मिळत नव्हते. आज एका दिवसात सगळ्या पेटीची नक्कल निघते. मग आपल्याला सबब कोणती?

डिस्कची नवी मांडणी करणे म्हणजे अशीच हलवाहलव आहे. नवीन रेड तयार करताना यंत्र साधारणपणे डिस्क कोऱ्या करून घेते. काही पेट्या आतला माल तसाच ठेवून एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात जातात, पण तेव्हा प्रत्येक अक्षर उचलून नव्या जागी ठेवले जाते आणि त्याला तास नव्हे, कधी कधी दिवस लागतात. मध्येच लाइट गेली, एखादी डिस्क बंद पडली किंवा कोणी वायर ओढली तर मांडणी धड जुनी राहत नाही, धड नवी होत नाही. "आतलं काईच जात नाही" हे वाक्य बहुतेक वेळा खरे ठरते. पण ज्या वेळी खोटे ठरेल त्या वेळी दुकानदार नव्या डिस्कचे पैसे परत देईल, आजीचा आवाज देणार नाही.

कामाचा क्रम

१) तारीख ठरवा. जयंतीच्या तोंडावर, प्रवेशाच्या दिवसांत किंवा मे महिन्याच्या दुपारी हे काम काढू नका. यू.पी.एस. चालू आहे ना, लाइट गेल्यावर किती मिनिटे टिकतो, ते आधी पाहा.

२) पेटी सध्या कशी मांडली आहे ते वहीत लिहून घ्या. कोणती डिस्क कोणत्या खणात, कोणत्या नावाचे फोल्डर, कोणाला काय पाहण्याची मुभा. प्रत्येक डिस्कवर पेनाने नंबर टाका.

३) बाहेरच्या दोन स्वतंत्र डिस्कवर संपूर्ण नक्कल काढा. जुन्या पेटीतली एक डिस्क काढून बाजूला ठेवली की झाली नक्कल, असे समजू नका. ती पुष्कळदा साध्या विंडोज संगणकावर उघडतच नाही.

४) वेळेचा हिशेब करा. तीन टेराबाइट माल सेकंदाला १०० मेगाबाइटने नेला तर साडेआठ तास लागतात. मधली वायर किंवा स्विच जुना, १०० मेगाबिटचा असेल तर तेच काम तीन दिवस चालते. काम अडकले असे समजून मध्येच बंद करू नका.

५) माऊसने ओढून टाकण्यापेक्षा नकलेचे साधन वापरा. विंडोजमध्ये रोबोकॉपी आहे, लिनक्समध्ये आरसिंक आहे. काय गेले आणि काय राहिले याची नोंद ती ठेवतात. मात्र त्यांच्यात 'हुबेहूब' नक्कल करण्याचा जो पर्याय असतो, तो मुळात नसलेली फाईल नकलेतूनही पुसून टाकतो. मूळ आणि नक्कल यांची जागा उलटी लिहिली गेली आणि मूळ म्हणून कोरी डिस्क दिली, तर भरलेली डिस्क कोरी होईल. तो पर्याय नवख्याने वापरू नये.

६) बाहेरची डिस्क जुन्या फॅट-३२ पद्धतीने तयार केलेली असेल तर चार गिगाबाइटपेक्षा मोठी एक फाईल तिच्यावर मावत नाही. लग्नाचे, परिषदेचे लांब व्हिडिओ इथेच मागे राहतात.

७) रुजवात घ्या. ती कशी, ते खाली सांगतो.

८) रुजवातीनंतर एक नक्कल दुसऱ्या गावी पाठवा. कारंज्याला, रिसोडला, अकोल्याला, जिथे विश्वासाचे माणूस असेल तिथे. मगच नवी मांडणी करा.

९) नवी पेटी पूर्ण तयार झाल्याचे तिने स्वतः सांगेपर्यंत थांबा. मग माल परत भरा आणि पुन्हा रुजवात घ्या. परत आणतानाही चुका होतात.

१०) बाहेरच्या नकला लगेच पुसू नका. किमान तीन महिने तशाच ठेवा. एखादे फोल्डर राहून गेल्याचे पुष्कळदा कोणी ते मागायला आले म्हणजेच कळते.

रुजवात कशी घ्यावी?

पहिली पायरी मोजणीची. मूळ पेटीत एकूण फायली किती आणि एकूण आकार किती, नकलेत किती. आकडे जुळले पाहिजेत. कारकून जमा आणि खर्चाचा ताळा घेतो तसे हे आहे. पण ताळा जुळला म्हणजे नोंद बरोबर असतेच असे नाही.

दुसरी पायरी ठशाची. प्रत्येक फाईलवरून संगणक अक्षर-आकड्यांचा एक ठसा काढू शकतो, त्याला चेकसम म्हणतात. फाईलमधले एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. मूळ फायलींच्या ठशांची यादी करायची, नकलेच्या ठशांची करायची, आणि दोन्ही याद्या संगणकाकडूनच ताडून घ्यायच्या. हे काम रात्रभर लावून ठेवता येते.

तिसरी पायरी उघडून पाहण्याची, आणि ती कोणतेही यंत्र करून देणार नाही. ठसा जुळला म्हणजे नक्कल मुळासारखी आहे एवढेच कळते. मूळच बिघडलेले असेल तर नक्कलही तितकीच बिघडलेली. म्हणून नकलेची डिस्क दुसऱ्या संगणकाला लावा आणि फायली उघडा. फोटो दिसतो का? आवाज शेवटपर्यंत वाजतो का? विहाराची १९९० च्या दशकातली पत्रके श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली असतील तर तो फाँट नसलेल्या संगणकावर नुसती भेंडोळी दिसतात. फाईल जपली आणि फाँट हरवला तर अर्धेच जपले. फाँटही सोबत ठेवा आणि त्या पत्रकाची एक पी.डी.एफ. करून ठेवा.

नक्कल करणारा एक आणि रुजवात घेणारा दुसरा, हा नियम इथे पाळा. अभ्यासिकेतल्या मुलामुलींनी कागद आणि फोटो तपासावेत. आजी-आजोबांच्या आठवणींची रुजवात महिला मंडळाने घ्यावी. आठवड्याला दोन, अशा बैठका लावून त्या ऐकाव्यात. आवाज ज्यांचा आहे त्यांनाही बोलवावे. "हे मी असं नव्हतं सांगितलं, पुढचं राहिलं," असे कोणी म्हणाले तर तेही नव्याने मुद्रित करून घ्यावे. रुजवात होईल आणि आठवणीही पूर्ण होतील.

ही काही नवी युक्ती नव्हे. भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृह येथे पहिली संगीती भरली. उपालींनी विनय सांगितला, आनंदांनी धम्म सांगितला आणि जमलेल्या भिक्षुसंघाने तो एकत्र म्हणून मान्य केला. एकाच्या स्मरणावर न सोडता संघाने मिळून पडताळणे, हीच ती रुजवात. पुढे इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात श्रीलंकेत त्रिपिटक लिहून काढले गेले. भारतातले विहार आणि त्यांचे ग्रंथ नष्ट झाले, तरी श्रीलंका, ब्रह्मदेश, तिबेट आणि चीन येथील प्रतींमुळे धम्माचे वाङ्मय जगले. दूरच्या गावी ठेवलेली नक्कल म्हणजे काय, याचे याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही.

कुलूप आणि किल्ली

या पेटीत लोकांचे जातीचे दाखले, जन्मतारखा, पत्ते आहेत. ते समाजाने विश्वासाने दिले आहेत. म्हणून बाहेरच्या नकलांना पासवर्डचे कुलूप असावे. पण पासवर्ड एकाच कार्यकर्त्याच्या डोक्यात असू नये. माणसाची बदली होते, आजारपण येते. पासवर्ड कागदावर लिहून, लखोटा सीलबंद करून समितीच्या दोन वेगवेगळ्या पदाधिकाऱ्यांकडे ठेवावा. समिती बदलली की इतर दप्तराबरोबर लखोट्याचाही चार्ज द्यावा-घ्यावा आणि यादीत तशी नोंद करावी. जुनी डिस्क भंगारात देण्याआधी ती पूर्ण पुसावी. ती चालूच होत नसेल तर खिळा ठोकून निकामी करावी.

घरी रेडची पेटी नसते, पण मोबाइल असतो, आणि मोबाइल बदलणे ही घरची हलवाहलवच आहे. जुना मोबाइल दुकानात देण्याआधी फोटो आणि कागद एका पेनड्राइव्हवर किंवा डिस्कवर काढा, दुसरी प्रत मामाकडे किंवा मावशीकडे ठेवा, आणि त्या दोन्ही उघडून पाहा. नंतरच जुना मोबाइल कोरा करा.

खर्चाचे म्हणाल तर बाहेरच्या दोन डिस्क लागतील. जयंतीला डीजेवर एका रात्री उडणारे पैसे डोळ्यांपुढे आणा आणि समितीच्या बैठकीत विषय ठेवा. ठराव सोपा आहे : नव्या मांडणीआधी दोन नकला, नक्कल करणाराचे नाव, रुजवात घेणाराचे नाव, तारीख. खाली दोन सह्या.

संबंधित अभ्यासिकेने काम झाल्यावर या सदराला अवश्य कळवावे. पुढील लेखात जुन्या कॅसेटवरील भीमगीते संगणकावर कशी उतरवावीत ते पाहू.

जयभीम. नमो बुद्धाय.